व्हिएतनामचा पाण्यावरचा बाहुल्यांचा खेळ: पाहिला असेल तर लिहा

धागाकर्ता

मुंबईहून हनोईला आणि सायगावला थेट विमानं सुरू झाल्यापासून ओळखीतल्या निम्म्या लोकांचे हालॉंग बेमधले फोटो पाहून झालेत. क्रूझ, गुहा, फो, अंड्याची कॉफी यावर सगळे भरभरून बोलतात. बाहुल्यांच्या खेळाचं विचारलं की मात्र दोनच उत्तरं: ‘अप्रतिम!’ नाहीतर ‘आम्हाला झोप लागली’. मधलं कोणी काही सांगत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी: रंगमंच म्हणजे पाण्याचं मोठं टाकं. मागे देवळासारखी कौलारू इमारत आणि तिला बांबूच्या पट्ट्यांचा पडदा. पडद्याआड कलावंत कमरेएवढ्या पाण्यात उभे, आणि पुढे लाकडी बाहुल्या पाण्यावर नाचतात, नांगरतात, मासे धरतात, आग ओकतात. हा खेळ उत्तरेतल्या लाल नदीच्या खोऱ्यातल्या भातशेतीच्या गावांचा. ११२१ सालच्या एका शिलालेखात ली घराण्याच्या राजापुढे पाण्यात झालेल्या सोनेरी कासवाच्या खेळाचं वर्णन आहे, म्हणजे नऊशे वर्षं तर नक्की झाली.

कुठे पाहिलात, काय आवडलं, काय खटकलं, सगळं येऊ द्या. नुसतं ‘छान होतं’ लिहिणाऱ्यांना चहा नाही.

ठाणेकर

आम्ही होआन किएम तळ्याच्या काठावरच्या थांग लॉंग थिएटरात पाहिला. ही संस्था १९६९ पासूनची आहे आणि खेळ वर्षभर रोज, एकामागून एक होतात. तिकिटं रांगेप्रमाणे, एक ते दोन लाख डोंग. ‘लाख’ ऐकून नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. रुपयांत साडेतीनशे ते सातशे.

पोरं बरोबर असतील तर पुढच्या रांगांची तिकिटं काढा. ड्रॅगन शेपूट आपटतात तेव्हा दोन-चार थेंब अंगावर येतात आणि मुलांचे पैसे तिथेच वसूल होतात. ड्रॅगनच्या तोंडातून आधी पाणी उडतं, मग ठिणग्या. पाण्यात भिजलेल्या लाकडातून आग कशी निघते, हे धाकट्याने मला हॉटेलवर पोचेपर्यंत विचारलं.

सगळ्यात हशा कोल्ह्याला. म्हातारा-म्हातारी बदकं राखत असतात, कोल्हा येतो, एक बदक तोंडात धरतो आणि सरळ झाडावर! म्हातारा पाण्यात इकडून तिकडे काठी घेऊन. आमचा धाकटा ओरडतोय, ‘अहो आजोबा, वर बघा वर!’ शेजारी एक कोरियन मुलगा, तोही उभा राहून त्याच्या भाषेत बहुधा हेच ओरडत होता. दहावीतल्या कन्येने मात्र मोबाइलमधून डोकं काढलं ते फिनिक्सच्या जोडीसाठी. दोघं एकमेकांभोवती फिरतात, मान घासतात, मग मधे अंडं दिसतं आणि त्यातून पिल्लू. ‘सो क्यूट’ एवढीच प्रतिक्रिया आली, पण दहावीच्या मानाने ती भरपूर आहे.

डोंबिवलीकर

मी झोप लागलेल्यांपैकी. लाजत नाही.

सहलीवाल्यांनी पहाटे पाचला उठवून दिवसभर हिंडवलं आणि संध्याकाळी एसीत, अंधारात, गार पाण्यासमोर नेऊन बसवलं. झोप येणार नाही तर काय? निवेदन सगळं व्हिएतनामीत. गाइडने बसमध्ये ‘पपेट शो, व्हेरी फेमस’ यापलीकडे एक अक्षर सांगितलं नाही. तळ्यात एक राजा होडीतून येतो, कासव वर येतं, राजा त्याला तलवार देतो. मला वाटलं लाच देतोय. कथा दुसऱ्या दिवशी कळली, तीही हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या पोरीकडून.

माझी तक्रार खेळाबद्दल नाही, असा खेळ ‘दिवस भरायला’ यादीत कोंबणाऱ्यांबद्दल आहे. आणि समोरच्या रांगेतल्या काकांनी पूर्ण पन्नास मिनिटं व्हिडिओ काढला, आमचे अर्धे ड्रॅगन त्यांच्या कोपरामागे.

धागाकर्ता

ती कथा इथे सांगूनच टाकतो, म्हणजे पुढच्यांची झोप वाचेल. ले लोय याने १४१८ मध्ये चीनच्या मिंग राजवटीविरुद्ध उठाव केला, दहा वर्षं लढला आणि १४२८ मध्ये गादीवर बसला. त्याच्याकडे एक दैवी तलवार होती. राज्य आल्यावर तो तळ्यात नौकाविहार करत असताना सोनेरी कासवाने ती परत मागितली आणि त्याने दिली. म्हणून त्या तळ्याचं नाव होआन किएम, परत केलेल्या तलवारीचं तळं. गोष्ट घडली म्हणतात त्या तळ्याच्या काठावर बसूनच तुम्ही ती पाहता. तळ्यातलं शेवटचं महाकाय कासव जानेवारी २०१६ मध्ये मेलं. लाल पूल ओलांडून न्गोक सोन मंदिरात गेलात की काचेच्या पेटीत ते ठेवलेलं दिसतं. आधी मंदिर, मग खेळ, असा क्रम लावा.

नाशिककर

मेकॅनिकल इंजिनियर असल्याने माझं लक्ष पूर्ण वेळ ‘हे चालतं कसं’ यावर. पाणी मुद्दाम गढूळ, हिरवट ठेवलेलं असतं, त्यामुळे आत काही दिसत नाही. बाहुलीचा पाण्याबाहेरचा भाग म्हणजे पात्र, पाण्यातला भाग म्हणजे तरंगता तळ आणि यंत्र. त्याला लांब काठी जोडलेली, तिचं दुसरं टोक पडद्यामागच्या माणसाच्या हातात. काठीतून दोऱ्या जातात, त्या ओढल्या की मान वळते, हात हलतात. काठी ढकलली की बाहुली पुढे, आणि तळाशी सुकाणू असेल तर वळणही घेते. मिरवणुकीसारख्या प्रसंगांत दुसरी पद्धत: पाण्याखाली खुंट रोवून त्यांच्याभोवती दोर फिरवायचा, त्यावर पात्रांची रांगच्या रांग ओढायची.

आता विचार करा. तीन-चार मीटर लांब काठीच्या टोकावर दहाएक किलोचं भिजलेलं लाकूड, वर पाण्याचा विरोध, आणि तुम्हाला दिसतंय ते पट्ट्यांच्या फटीतून. अशात दोन ड्रॅगन एकमेकांना न अडकता वेढे घेतात. काठ्या पाण्याखाली एकमेकींवरून जाताना कोण वर कोण खाली हे आधी ठरलेलं असणार, नाहीतर गुंताच. शेवटी पडदा वर जातो आणि कलावंत पाण्यातूनच पुढे येऊन नमस्कार करतात. जेमतेम आठ-दहा माणसं होती. मी वीस तरी धरून चाललो होतो.

लाकूड कोणतं, हे तिथल्या दुकानदाराला विचारलं. ‘सुंग’ म्हणाला. फोनवर शास्त्रीय नाव शोधलं तर फायकस रेसिमोसा. म्हणजे आपला उंबर! हलका, कोरायला सोपा, तरंगतो. त्यावर लाखेसारख्या रोगणाचे थरावर थर. तरी रोजच्या पाण्याने बाहुल्या झिजतात आणि नव्या कराव्या लागतात.

माणगावकर

सासूबाईंना घेऊन गेले होते. वय बहात्तर, माहेर पोलादपूरकडचं, लग्न होईपर्यंत दर पावसाळा चिखलात. मला धाकधूक होती की त्यांना कंटाळा येईल.

पहिले ड्रॅगन वगैरे त्यांनी सौजन्याने पाहिले. मग रेड्याला जुंपून नांगर धरलेला माणूस आला आणि त्या एकदम पुढे सरकून बसल्या. ‘चिखलणी चाललीय गं.’ त्यामागे टोकदार टोप्या घातलेल्या बायांची ओळ, वाकतात, उठतात, मागे सरकतात. आपल्याकडेही लावणी करताना मागेच सरकायचं असतं, पुढे गेलात तर लावलेलं तुडवाल. सासूबाईंनी हे बरोबर टिपलं आणि पास केलं. रेडा मात्र नापास. ‘एवढा सरळ कधी चालतो का? शेपटीला हात लावल्याशिवाय हलत नाही मेला.’

बेडूक पकडायच्या प्रसंगाला नाक मुरडून झालं. टोप्या बघून म्हणाल्या, आमचं इरलं बरं, पाठ पण झाकतं. नंतर मात्र एक गोष्ट त्यांनी अशी सांगितली की मी तिथेच थबकले. ‘हे सगळं बाप्यांनी रचलेलं दिसतंय. लावणीला बाया गाणी म्हणतात, ती कुठायत?’ गाणी आहेत, पण ती बाजूला बसलेल्या गायिका म्हणतात, वाकलेल्या बाहुल्या नाही. मला हे सुचलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी निन्ह बिन्हच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना पाणी भरलेली खाचरं, त्यात खरी माणसं. सासूबाई खिडकीला नाक लावून. बसमधले बाकी सगळे झोपलेले.

कुडाळकर

माणगावकर, सासूबाईंना नमस्कार सांगा. आम्ही पिंगुळीच्या शेजारचे. तिथल्या ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी लहानपणापासून पाहिलेल्या. त्यामुळे हनोईत बसल्या बसल्या तुलना होणारच.

पहिला फरक दोरीचा. आपल्याकडे सूत्रधार वर आणि बाहुली खाली. तिथे हात पाण्याखालून. दुसरा, विषयाचा. पिंगुळीत रामायण-महाभारत. तिकडे चार पवित्र प्राणी आणि एखादी आख्यायिका सोडली तर सगळा गावगाडा: शेती, मासेमारी, होड्यांची शर्यत, बासरी वाजवणारं रेड्यावरचं पोर. आणि खेळ सुरू करून देणारा तो गुबगुबीत, उघड्या पोटाचा, दात काढणारा चू तेऊ, तो तर सरळ आपला सोंगाड्या. सगळ्यांची टिंगल करायचा परवाना असलेला.

जळलं ते एकाच गोष्टीवर. राजधानीच्या मधोमध हक्काचं थिएटर, रोजचे खेळ, घरं भरलेली. आपल्याकडे परशुराम गंगावणे यांनी स्वतःच्या गोठ्याचं संग्रहालय केलं, २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, आनंदच आहे. पण गोव्याला जाणाऱ्या किती गाड्या कुडाळला वळतात? व्हिएतनामचा खेळ पाहून आलेल्या प्रत्येकाने एकदा पिंगुळीला जावं, एवढीच जाहिरात करतो.

साताराकर

बाहुल्यांवर सगळ्यांनी लिहिलं, वाजवणाऱ्यांवर कोणी नाही! टाक्याच्या बाजूला बसलेली मंडळी पाहिलीत का? ढोल, झांजा, बासरी, लाकडी ठोकळे, आणि डान बाउ. एकच तार. उजव्या हाताने छेडायची आणि त्याच हाताची कड तारेला हलकी टेकवायची. डाव्या हातात उभी लवचिक काडी, ती वाकवली की सूर वर किंवा खाली घसरतो. मींड म्हणावी तर मींड, आणि तीही अशी की माणूस गातोय असं वाटावं. मी बाजूचीच सीट मागून घेतली होती, वादकाची बोटं दिसावीत म्हणून. संगीत चेओ नावाच्या तिथल्या लोकनाट्याचं. गायक नुसतं निवेदन करत नाहीत, बाहुल्यांशी बोलतात, त्यांना हाका मारतात.

सायगावकर (तात्पुरता)

कामानिमित्त इकडे आहे. दक्षिणेत हा खेळ मूळचा नाही, पण गोल्डन ड्रॅगन थिएटरात होतो. हनोई वगळून फक्त सायगाव करणार असाल तर जरूर पाहा. दोन्ही शहरं असतील तर हनोईतच.

सिंगापूरहून

मी थिएटरात पाहिलाच नाही, गावात पाहिला. हनोईच्या उत्तरेला, नदीपलीकडे डोंग आन्ह भागात दाओ थुक म्हणून गाव आहे, तिथे. तळं, तळ्यात कौलारू मंडप, काठावर आम्ही, गावातली पोरं आणि दोन कुत्री. कलावंत म्हणजे गावचेच शेतकरी. आमच्या ओळखीच्या हनोईकराने आधी फोन करून ठरवलं होतं. तसं न करता गेलात तर नुसतं तळं बघून याल.

उघड्यावर सगळं वेगळं होतं. फटाक्यांचा धूर पाण्यावर रेंगाळतो, वाऱ्याने पाणी हलतं, बाहुलीही हलते, आणि कलावंत ते सांभाळून घेतात. खेळानंतर त्यांनी मागे बोलावलं. बाहुल्या ओल्या, भिंतीला टेकवून उभ्या, कोपरांच्या सांध्यावरचा रंग उडालेला. एक म्हातारबाबा रबरी पायघोळ सूट काढत होते. पूर्वी हे सूट नव्हते, माघाच्या थंडीतही तसंच उतरायचं. अंगात ऊब यावी म्हणून आल्याचा चहा, आणि त्याआधीच्या पिढ्या तर म्हणे न्योक माम, म्हणजे मासळीचा खारट सॉस, पिऊन उतरायच्या. दुसरं त्यांनी सांगितलं ते मंडळ्यांच्या गुपितांचं. कोणत्या गावाची कोणती करामत हे बाहेर जाऊ द्यायचं नाही. म्हणून मुलींना शिकवत नसत, लग्न होऊन दुसऱ्या गावी जातील आणि विद्या घेऊन जातील. हे सांगत असताना शेजारी त्यांची सून काठ्या पुसत होती. ती त्या दिवशी पाण्यात होती.

माणगावकर, सासूबाईंचं ‘बाप्यांनी रचलेलं’ वाचून मला हेच आठवलं!

वाशीकर

वाचनमात्र होतो, आता विचारतो. आई-बाबांना घेऊन पुढच्या चैत्रात जातोय. दाओ थुकला जाणं जमेल असं वाटत नाही, बाबांचे गुडघे. उघड्यावरचा खेळ अजून कुठे?

सिंगापूरहून

हनोईतच एथ्नॉलॉजी म्युझियमच्या आवारात तळं आणि मंडप आहे, तिथे गावोगावच्या मंडळ्या येऊन खेळ करतात. वेळा आधी विचारून घ्या. चैत्र म्हणालात म्हणून सांगतो: हनोईपासून वीसेक किलोमीटरवर चुआ थाय हे जुनं देऊळ आहे. तळ्यात बाहुल्यांच्या खेळाचा मंडप, आणि तिथले भिक्षू तू दाव हान यांनीच हा खेळ लोकांना शिकवला अशी आख्यायिका. जत्रा त्यांच्या तिसऱ्या चांद्रमासात पंचमी ते सप्तमी. बहुतेक वर्षी त्यांचा तिसरा महिना आणि आपला चैत्र एकाच वेळी सुरू होतात, म्हणजे पाडव्यानंतर आठवड्याच्या आत. अधिक महिना आला की मात्र हिशोब महिनाभर सरकू शकतो, तेव्हा विमानाची तिकिटं काढण्याआधी दोन्ही पंचांगं ताडून बघा. जत्रेला गर्दी प्रचंड असते आणि टेकडीला पायऱ्या आहेत, पण तळं खालीच आहे. बाबांना तिथेच बसवा.