इंडियन समर ‘साफ’ केलात, मग बेसी स्मिथ कुठे गेली?

तुटकी_तार
काल ‘स्वच्छ_आवाज’ यांची पोस्ट वाचली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की नव्वदच्या दशकातल्या या इमो आणि पोस्ट-हार्डकोर (म्हणजे पंकमधून निघालेल्या, भावना ओरडून मांडणाऱ्या रॉकच्या) बँडांकडे पैसे नव्हते म्हणून रेकॉर्डिंग गचाळ झालं, गाणारा काय बोलतो ते कळत नाही, आता एआयने आवाज वेगळा काढून वर आणता येतो. आणि इंडियन समरची चार गाणी त्यांनी ‘सुधारित आवृत्ती’ म्हणून टाकलीत. खाली वाहवा चाललीय. मी रात्री हेडफोन लावून चारही ऐकली आणि डोकंच फिरलं.

इंडियन समर हा ओकलंडचा बँड, १९९३-९४ एवढाच काय तो जगला. गाण्यांना धड नावंसुद्धा दिली नव्हती त्यांनी. गाणं हळू होतं तेव्हा मागे बेसी स्मिथ या अमेरिकन ब्लूज गायिकेची जुनी रेकॉर्ड वाजत असते, खरखर करत, शेजारच्या खोलीत कुणीतरी लावून ठेवल्यासारखी. पुढे गिटारचे दोनच सूर, गाणारा पुटपुटतोय, आपण आवाज वाढवतो, कान पुढे करतो आणि नेमकं तेव्हाच सगळं अंगावर कोसळतं. तुमच्या टूलने ती खरखर कचरा समजून पुसली. बाईचा आवाज अर्धा गाणाऱ्याच्या ट्रॅकला चिकटलाय, अर्धा गायब. हळू भाग वर ओढला, मोठा दाबला, दोन्ही एका पातळीला. आता कोसळायला काही उरलंच नाही.

आणि पैसे नव्हते म्हणून आवाज गाडला गेला हे तर मुळीच पटत नाही. ड्राइव्ह लाइक जेहू या बँडचा ‘यँक क्राइम’ अल्बम १९९४ मध्ये इंटरस्कोपसारख्या बड्या लेबलवर आला. मिक्स केलं त्यांच्याच ड्रमरने, मार्क ट्रॉम्बिनोने, ज्याने पुढे जिमी ईट वर्ल्ड आणि ब्लिंक-१८२ चे चकचकीत अल्बम केले. त्याला आवाज वर आणता येत नव्हता असं म्हणायचंय का? त्यांचा गायक रिक फ्रोबर्ग गिटारांच्या भिंतीमागून ओरडतोय, कारण त्यांना तो तिथेच हवा होता.

स्वच्छ_आवाज
माझ्या नावाने वेगळा धागा काढलात, ठीक. एकच विचारतो. तुम्ही मूळ सेव्हन इंच, म्हणजे ती छोटी रेकॉर्ड, कधी ऐकलीय का? की कुठल्या ब्लॉगवरून उतरवलेली १२८ केबीपीएसची हलकी एमपी३, जिच्यात झांजा पाण्यात बुडवल्यासारख्या वाजतात? जे स्वतःच चोथा आहे त्याचं पावित्र्य कसलं जपताय?

आणि जॉब्रेकर बँडचा ‘डिअर यू’ अल्बम विसरलात वाटतं. त्याच्या आधीचा अल्बम स्टीव्ह अल्बिनी या रेकॉर्डिंग इंजिनिअरने रेकॉर्ड केलेला, खरखरीत, सगळ्यांचा लाडका. मग १९९५ ला गेफन या बड्या लेबलवर ‘डिअर यू’ आला, निर्माता रॉब कॅव्हॅलो, आवाज स्वच्छ, शब्द न् शब्द कळतोय. लोकांनी कार्यक्रमांत पाठ फिरवली त्यांच्याकडे. वर्षभरात बँड मोडला. आज तोच अल्बम सगळे छातीशी धरतात. म्हणजे गाणी तेव्हाही चांगलीच होती, तुमच्यासारख्यांना स्वच्छ आवाजाचा राग होता म्हणून ऐकू आली नाहीत.

तुटकी_तार
हो, एमपी३च ऐकली. लपवायचं काय त्यात? २००८, सांगली, तासाला १५ रुपये देऊन कॅफेत बसायचो, रॅपिडशेअर या फाईल उतरवायच्या साइटवर एक फाईल झाली की दुसरीसाठी थांबायचं, पेन ड्राइव्ह एक जीबीचा. इंडियन समर, मॉस आयकॉन, हूवर हे सगळे बँड तिथूनच मिळाले. सांगलीत दुसरं कुठून मिळणार होतं?

मेरीलँडकर
मूळ विषयावर तार यांच्याशी सहमत आहे, पण हे वाचून राहवलं नाही. फुकट उतरवलेलं चोरीचंच. मॉस आयकॉन अनॅपोलिसचे, माझ्या घरापासून तासाभरावर. ‘लायबर्नम’ हा अल्बम त्यांनी १९८८ ला रेकॉर्ड केला आणि तो बाहेर यायच्या आत बँड मोडलेला. २०१२ मध्ये सगळं रेकॉर्डिंग एकत्र निघालं तेव्हा मी दुकानात जाऊन पैसे मोजून घेतलं. या लोकांना कधी काही मिळालं नाही, निदान आपण तरी द्यावं.

कोल्हापुरी_फझ
मेरीलँडला राहून गाडीने दुकानात जाणं आणि कोल्हापुरात बसून मागवणं एक आहे का हो काका? मी २०१७ ला एक एलपी मागवला. रेकॉर्ड २० डॉलरची, पोस्टेज त्याहून जास्त, वर कस्टमने ड्युटी लावली, ती भरायला अर्धा दिवस रजा टाकली. खोका उघडला तर रेकॉर्ड वाकलेली, ताट उन्हात ठेवल्यावर होतं तशी. पहिल्या गाण्यावर सुई उड्या मारते. कुरिअरवाले म्हणाले, आमच्या हातात काही नाही. वॉशिंग्टनचं पंक लेबल डिसकॉर्ड, ते कव्हरवर पोस्टखर्चासकट किंमत छापायचं, दुकानदाराने जास्त घेऊ नये म्हणून. ती किंमत आमच्यासाठी नव्हती ना पण! आणि चोर आम्ही?

मेरीलँडकर
अडचण मान्य आहे. म्हणून चोरी ही चोरी राहत नाही असं होत नाही. मी पण विद्यार्थी होतो, जेवण चुकवून रेकॉर्ड घेतल्यात.

कोल्हापुरी_फझ
डॉलरमध्ये जेवण चुकवणं वेगळं. तिकडे बसून इथल्या पोरांना नीतिमत्ता शिकवू नका. ज्या ब्लॉगवाल्यांना तुम्ही चोर म्हणताय त्यांनी हे बँड जिवंत ठेवले. वीस वर्षं कुणी विचारत नव्हतं, ब्लॉगवरून पोरांनी ऐकलं, मागणी झाली, तेव्हा लेबलांना जाग आली. इंडियन समरचं रेकॉर्डिंग न्यूमेरो ग्रुप या जुनी गाणी पुन्हा काढणाऱ्या लेबलने २०१९ ला काढलं. आधी ऐकणारे कुठून आले?

मेरीलँडकर
भाषा सांभाळा. मी कुणाला शिकवायला आलो नाही.

तुटकी_तार
दोघेही थांबा जरा. विषय कस्टमचा नाही.

तिसरी_ओळ
विषयावर बोलते. २०१४ ला पुण्यात आमचा चौघांचा बँड होता, साडेतीन गाण्यांचा. एका स्टुडिओत दोन दिवस घेतले. शेवटच्या गाण्यात आमचा गाणारा ओरडताना त्याचा आवाज मधेच फुटला, श्वास संपला, दोन सेकंद नुसती हवा आली आणि मग तो रडल्यासारखा पुढची ओळ म्हणाला. काचेपलीकडे आम्ही तिघं गप्प. इंजिनिअर म्हणाला हा टेक खराब आहे, पुन्हा घ्या. आम्ही विशीतले, ऐकलं. नंतरचे टेक सगळे सुरात, सगळे मेलेले. पहिला मागायला गेले तर त्याने पुसून टाकलेला. मित्र आता गात नाही. तो टेक असता तर फोनच्या स्पीकरवरही ऐकला असता मी.

राइट्स ऑफ स्प्रिंग या बँडचा अल्बम १९८५ ला डॉन झिएंटाराच्या घरच्या तळघरातल्या इनर इअर स्टुडिओत झाला. त्यांचा गायक गी पिचोटो, त्याचा आवाज त्यात ठिकठिकाणी फाटलाय. तिथे निर्माता म्हणून डिसकॉर्डचा इअन मॅकाय होता, त्याने तो फाटलेला आवाज ठेवला. म्हणून स्वच्छ_आवाज, शब्द कळणं हाच निकष लावू नका.

स्वच्छ_आवाज
तिसरी_ओळ, तुमचं वाचून वाईट वाटलं. मी कुणाचा टेक पुसलेला नाही, मूळ फाईल जिथे होती तिथेच आहे, एवढं लक्षात घ्या.

बेसी स्मिथचं मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटलं रेकॉर्डवरून फाईल बनवताना कुठल्या रेडिओचा आवाज मिसळला. काल रात्री मूळ फाईल आणि माझी लागोपाठ लावली. तिसऱ्या गाण्यात गिटार थांबते तिथे मुळात ती बाई एकटी ऐकू येते, माझ्यात तिथे सपाट शांतता आहे. ती चूक आहे. चारही फाईली काढल्या. पण शब्द ऐकायची इच्छा असणं गुन्हा नाही, आणि ‘डिअर यू’वर अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

तुटकी_तार
‘डिअर यू’ बँडने स्वतः तसा केला, हा फरक आहे. बाकी तेव्हा पाठ फिरवणारे चुकले, हे मान्य करावं लागतंय. २०१० पर्यंत मीही तो अल्बम ऐकला नव्हता, नुसत्या ऐकीव रागापोटी.

कोल्हापुरी_फझ
ती वाकलेली रेकॉर्ड अजून आहे माझ्याकडे. दुसरी बाजू बरी वाजते.

मेरीलँडकर
कुठली आहे? डिसेंबरात कोल्हापूरला येतोय, इथे मिळाली तर हातात घेऊन येतो. पैसे मात्र घेणार.