२.४ टीबीचा थ्रीडी स्टॅक: ब्लॉकच्या सीमेवर पेशी तुटतात, लेबलं जोडताना मेमरी संपते

व्होक्सेलवेडा:
लाइट-शीट सूक्ष्मदर्शकाचा स्टॅक (थरांवर थर रचलेली थ्रीडी प्रतिमा) आहे, २०,००० × २०,००० × ३,००० व्होक्सेल (थ्रीडी पिक्सेल), १६ बिट. झारमध्ये (मोठा अ‍ॅरे तुकड्या-तुकड्यांनी साठवणारा फॉरमॅट) ठेवलाय, चंक म्हणजे एकेक तुकडा १२८³. ५१२³ चे ब्लॉक पाडून, सगळ्या बाजूंनी १२८ चा ओव्हरलॅप घेऊन, स्लर्मच्या (क्लस्टरवर कामं वाटणारी प्रणाली) अ‍ॅरे जॉबमधून, म्हणजे एकाच कामाच्या अनेक प्रतींमधून, सेलपोज (पेशी ओळखून प्रत्येकीला क्रमांक, म्हणजे लेबल, देणारा प्रोग्रॅम) चालवतोय. पेशीचा व्यास ३० व्होक्सेलच्या आत. निकालात ब्लॉकच्या रेघा उठून दिसतात, सीमेवरच्या पेशींचे दोन तुकडे होतात आणि जोडणीची स्क्रिप्ट मेमरी संपून मरते. मधूनच चौकोनी भोकंही पडलीत.

चंकवाला:
ओव्हरलॅप आधी कमी करा. ५१२ ला दोन्हीकडून १२८ जोडून होणारे ७६८³ म्हणजे मूळ ब्लॉकच्या जवळजवळ ३.४ पट काम; ३२ घेतलात तर १.४२ पट.

रेघा बहुधा नॉर्मलायझेशनमुळे. सेलपोज समोर आलेल्या तुकड्याच्याच १ आणि ९९ पर्सेंटाइलवर तीव्रता ताणतं. रिकाम्या ब्लॉकमध्ये मग नॉइजच उजळतो आणि खोट्या पेशी उगवतात. ते बंद करून अख्ख्या स्टॅकसाठी या दोन मूल्यांची एकच जोडी वापरा. ती पिरॅमिडच्या (त्याच स्टॅकच्या लहान केलेल्या प्रती) लहान लेव्हलवरून काढू नका, सरासरीत टोकं बोथट होतात. मूळ रिझोल्यूशनचे शंभरेक ब्लॉक कुठूनही उचला. नुसती पार्श्वभूमी असलेले ब्लॉक जीपीयूकडे पाठवूच नका.

लेबलकर:
भोकं पडतात ती लिहिताना. ओव्हरलॅपसकट लिहिलं की शेजारचे दोन जॉब एकाच चंकवर येतात. दोघंही तोच लिहितात आणि एकाचं काम पुसलं जातं. मुख्य झारमध्ये फक्त मधला ५१२ चा गाभा लिहा. तो १२८ च्या चंकवर नेमका बसतो, त्यामुळे लॉक लागत नाही. ओव्हरलॅपची लेबलं स्क्रॅचवर (तात्पुरत्या डिस्कवर) वेगळी ठेवा.

जोडणीला अख्खा स्टॅक कशाला उघडायचा? प्रत्येक जॉबने आपल्या लेबलांची संख्या लिहून ठेवावी. त्यांच्या चालत्या बेरजेतून ब्लॉकचा ऑफसेट, म्हणजे त्याच्या लेबलांत मिळवायचा आकडा, मिळतो. मग शेजारच्या जोडीचा सामाईक ६४ जाडीचा पट्टा तेवढा वाचा आणि ज्या दोन लेबलांचा छेद त्यांच्या संयोगाच्या निम्म्याहून जास्त असेल ती जोडी नोंदवा. सायपाय या पायथन लायब्ररीच्या कनेक्टेड कंपोनंट्सला (एकमेकांशी जोडलेल्यांचे गट शोधणारं फंक्शन) जोड्या दिल्या की जुना-नवा क्रमांक तक्ता तयार. ३ कोटी लेबलं धरली तरी ३२ बिटमध्ये तो १२० एमबी. दुसरा अ‍ॅरे जॉब ब्लॉकनिहाय तो लावतो.

व्होक्सेलवेडा:
सीमेवर चिकटलेली लेबलं सरळ एक केली तर?

लेबलकर:
दाट ऊतीत अजिबात नको. शेजारच्या वेगळ्या पेशीही चिकटलेल्याच असतात, साखळी लागून पाच-पन्नास पेशींचा एकच गोळा होतो. पट्ट्यात मात्र सीमा ओलांडणारी ३० ची पेशी दोन्ही बाजूंनी अख्खी दिसते, म्हणूनच ३२ पुरतो. आणि लेबलं ३२ बिटच ठेवा, १६ बिटचे आकडे ६५,५३५ नंतर पुन्हा शून्यापासून फिरतात.

चंकवाला:
एक राहिलं: १२८³ चंकने लेबलांच्याच सुमारे ५.९ लाख फाइली होतील. फाइलसंख्येचा कोटा आधी बघा, नाहीतर झार ३ चं शार्डिंग (अनेक चंक एका फाइलीत) लावा. शार्ड ५१२³ चाच हवा, मोठा केलात तर लिहिण्याची टक्कर पुन्हा सुरू.