पाडव्यानंतर गावाकडं कधी यावं? दहाच दिवस सुट्टी आहे

माहेरवाशीण_पुणे

नमस्कार मंडळी. माझं माहेर बेळगावच्या पश्चिम भागात, तळ्याकाठचं गाव. लग्न होऊन पुण्याला आले त्याला अकरा वर्षं झाली. दरवर्षी मे मध्ये पोरांना सुट्टी लागली की येतो आणि दरवर्षी तेच होतं, यात्रा होऊन गेलेली, शिवजयंतीची मिरवणूक होऊन गेलेली, तळ्यात नुसता चिखल, आणि कर्नाटकातल्या शाळा जूनच्या तोंडावर सुरू होतात म्हणून भावाची पोरं दप्तर भरून तयार. आमच्याकडं जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते पण तोवर खेळायला कोण नसतं.

यंदा पोरांच्या शाळेत विचारून ठेवलंय, एप्रिलमध्ये दहा दिवस मिळतील. मोठी नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. कुठले दहा दिवस धरू? वहिनीला विचारलं तर म्हणते कधीपण या वन्सं, घर तुमचंच आहे, त्यावरून काय तिकीट काढता येत नाही. दादा म्हणत होता तळ्यातला गाळ काढायचं काम चाललंय, मग पोरांना तळ्यावर नेता येईल का?

आणि एक. यात्रेतल्या गाड्यांच्या दिवशीची आंबील आई करायची. आई जाऊन आता दोन वर्षं झाली. वहिनी कोकणातली, तिच्या माहेरी ही पद्धत नाही. कोणी नीट सांगेल का कशी करतात, मला नुसती तिची चव आठवते, करताना कधी लक्ष दिलं नाही.

तळ्याकाठचा

ताई, तुमचं गाव आमचंच दिसतंय, देवळामागं चिंच आणि पार आहे तेच नव्हं? तर दहा दिवसांत सगळं बसत नाही हे आधीच सांगतो. आपली यात्रा, म्हणजे बैलांचे गाडे, चैत्र पौर्णिमेनंतरच्या मंगळवारी. शिवजयंती आपल्याकडं तिथीनं, म्हणजे वैशाख शुद्ध द्वितीयेला, महाराष्ट्रात सरकारी 19 फेब्रुवारीला होते ती वेगळी. चित्ररथाची मिरवणूक त्याच्याही पुढं एकदोन दिवस सरकते. म्हणजे मधे दीडदोन आठवडे जातात, कायतरी एक सोडायलाच लागतंय.

मला विचाराल तर यात्रा धरा आणि यात्रेदिवशी नका येऊ, पाच दिवस आधी या. खरी मजा त्याच्यातच आहे. बैलं धुवायला तळ्यावर नेतात, शिंगं रंगवतात, गाड्यांची चाकं वंगण घालून तयार होतात, बायका भिंती सारवायच्या घाईत, गोव्याला आणि पुण्याला गेलेली पोरं एकेक करून एसटीतनं उतरतात आणि पारावर बसलेली म्हातारी माणसं प्रत्येकाला तू कुणाचा रे म्हणून विचारतात. कुस्तीच्या आखाड्यात माती खणून त्यात ताक, तेल, हळद मिसळतात, तुमच्या धाकट्याला तिथं नेऊन सोडा, संध्याकाळपर्यंत घरी येणार नाही. येळ्ळूरच्या मैदानाएवढ्या मोठ्या कुस्त्या आपल्याकडं होत नाहीत पण नारळाच्या बक्षिसाची कुस्ती बारक्या पोरांचीच असते, त्याला उतरवा.

इंगळ्या, म्हणजे निखाऱ्यावरनं चालणं, रात्री असतात, गर्दी फार, बारक्याला घेऊन लांब कट्ट्यावर थांबा.

गल्लीतला_मावळा

वरच्या दादांना मान देऊन सांगतो, मला पटलं नाही. यात्रा गावोगावी होते, बेळगावची चित्ररथ मिरवणूक अख्ख्या भागात एकच. नरगुंदकर भावे चौकातनं निघते आणि पहाटेपर्यंत चालते, पोरं जिवंत देखावे करतात, एकेका देखाव्यासाठी महिना महिना तालीम, घोडा, तोफ, गडाचा दरवाजा सगळं स्वतः उभं करतात. आमच्या मंडळाची पोरं दिवसा कामावर जाऊन रात्री एकपर्यंत रंग लावत बसतात. नऊ वर्षांच्या पोरीला ते एकदा दाखवाच, इतिहासाच्या पुस्तकात वाचून ते होत नाही. आणि शिवजयंतीच्या लगेच दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया आणि बसव जयंती, शहरात दोन्हीकडनं सजावट, तीन चार दिवस रस्ते नुसते उजळलेले असतात.

ट्रॉलीवाला

गाळाचं मी सांगतो कारण माझी ट्रॉली तिथंच आहे. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू झालंय, पीडीओंनी, म्हणजे ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांनी, परवानगी दिली, डिझेल ज्याच्या शेतात गाळ जाणार त्यानं घालायचं असं देवळातल्या बैठकीत ठरलंय. डोंगरावरनं दर पावसात लाल माती वाहून येते आणि तळाला बसते, तळं वरनं बघायला तेवढंच पण आत पाणी मावत नाही, म्हणून तर मार्चलाच म्हशी गुडघाभर पाण्यात उभ्या दिसतात. हाच गाळ शेतात गेला की माळाच्या हलक्या जमिनीला ओल धरायची ताकद येते. पण ढीग मारून ठेवायचा नाही, बोट दोन बोटं जाड पसरायचा, वळवाचा एक पाऊस पडू द्यायचा, ढेकळं विरघळली की कुळव मारायचा, आणि हे सगळं मे च्या अखेरीला कुरीनं (पेरायच्या अवजारानं) भाताची धूळवाफ, म्हणजे कोरड्या जमिनीतली, पेरणी सुरू व्हायच्या आत झालं पाहिजे, त्यामुळं यात्रेचे तीन दिवस सोडले तर आम्ही थांबणार नाही.

दोन गोष्टी मी जेसीबीवाल्याला रोज सांगतो आणि इथंही लिहून ठेवतो कारण आजूबाजूच्या गावचे लोक वाचतात. बांधाच्या पायथ्याला हात लावायचा नाही, पायथा पोखरला की पावसात बांध बसतो. आणि मऊ गाळ संपून खालची घट्ट चिकण माती लागली की तिथंच थांबायचं. जास्त खोल गेलं की जास्त पाणी साठेल असं वाटतं पण ती चिकण मातीच पाणी धरून ठेवते, ती फोडली तर पाणी खाली मुरतं आणि तळं दिवाळीला रिकामं.

पोरांना सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर आणा, तेव्हा मशीन बंद असतं. सांडव्याच्या बाजूनं या, तिथं अजून पाणी आहे, बाकीकडं वरनं वाळलेलं दिसतं पण पाय टाकला की मांडीपर्यंत जातो, एकटं सोडू नका.

आक्का_उचगाव

आई गेल्याचं वाचून वाईट वाटलं गं बाई. आंबील सांगते, काय अवघड नाही. नाचण्याचं पीठ एक वाटी, रात्री पाण्यात पातळ कालवून झाकून ठेवायचं, सकाळी जरा आंबूस वास येतो, तो यायलाच पाहिजे. चार पाच वाट्या पाणी मीठ घालून उकळायला ठेव, उकळी फुटली की कालवलेलं पीठ एका हातानं धार धरून सोडायचं आणि दुसऱ्या हातानं ढवळत रहायचं, तेवढा वेळ कुणी हाक मारली तरी बघायचं नाही नाहीतर गुठळ्या होतात. आधी मळकट दिसतं, मग रंग गडद होतो आणि वर चकाकी येते, चमच्याला लागून राहिलं की उतरव. पूर्ण गार झाल्याशिवाय ताक घालायचं नाही. मग ठेचलेला लसूण, जिरं, बारीक कांदा, कोथिंबीर. जमलं तर मातीच्या गाडग्यात ठेव, तुझ्या आईच्या चवीत निम्मा वाटा गाडग्याचा असणार बघ.

पुण्याहून पीठ आणू नको, इथं गिरणीत ताजं दळून घे.

खानापूरचा_मास्तर

तळ्यावर जाणारच आहात तर पोरांना टिटवीचं घरटं दाखवा. थंडीत आलेली बदकं एव्हाना परत गेलेली असतात पण टिटवी इथलीच, आणि नेमकी आताच उघड्या जमिनीवर अंडी घालते. घरटं म्हणजे खड्यांमध्ये नुसता खळगा. चार अंडी, मातीच्याच रंगाची, वर काळे ठिपके, टोकं आत करून ठेवलेली, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. महिनाभर उबवते आणि ऊन फार झालं तर पाण्यात पोट भिजवून येऊन अंड्यांवर बसते. आपल्याकडं म्हणतात टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला, ते असो, पण जिथं टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागेल तिथनं चार पावलं मागं व्हा. ट्रॉलीवाले, तुमच्या वाटेत एखादं घरटं आहे का बघता का?

ट्रॉलीवाला

आहे की मास्तर. सांडव्याकडच्या चढावर, परवाच ड्रायव्हरनं बघून गाडी थांबवली, टिटवी जागची हलेना, चाकाकडं बघून ओरडत होती. काठी रोवून लाल फडकं बांधलंय आणि वाट वळवून घेतलीय, फेऱ्याला दोन मिनिटं जास्त लागतात, लागूदेत.

माहेरवाशीण_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं, यात्रेच्या पाच दिवस आधी येतो. चित्ररथासाठी मोठीला घेऊन ह्यांनी एका रात्रीसाठी रातराणीनं यायचं कबूल केलंय, गल्लीतले दादा, कुठं थांबलं की तिला नीट दिसेल ते तेव्हा विचारीन. आक्का, गाडगं माळ्यावर आहे म्हणून वहिनी म्हणाली, आईनंच फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं, आज उतरवून पाण्यात भिजत घातलंय.

ट्रॉलीवाले दादा, पोरीला घरट्याचं सांगितलं तर तिनं दोनदा विचारलं, आपण जाईपर्यंत पिल्लं निघून जाणार नाहीत ना. गुरुवारी पहाटे पोचतो, तेवढी काठी राहूदे.