आधी शोधणे-पारखणे, मग कोडिंग

शाळेत पहिलीपासूनच कोडिंग, म्हणजे संगणकासाठी आज्ञावली लिहिणे, शिकवावे अशी सूचना केली जाते; ती मला घाईची वाटते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ते सहावी ते आठवीच्या टप्प्यात सुचवले आहे. प्राथमिक वयात माहिती शोधणे आणि पारखणे अधिक निकडीचे आहे. आमच्या वडोदऱ्यात चौथीतल्या मुलाला विश्वामित्री नदीतल्या मगरींविषयी लिहायला सांगितले, तर तो मोबाइलवर पहिले दिसेल ते जसेच्या तसे उतरवतो आणि शेजारी मगरीसारख्या दिसणाऱ्या, अमेरिकेतल्या अ‍ॅलिगेटरचे चित्र चिकटवतो. तेव्हा शिक्षकांनी जवळ बसून ‘हे कोणी, केव्हा लिहिले, दुसरीकडेही हेच आढळते का’ असे विचारावे आणि चित्रातले दात पाहायला लावावेत: तोंड मिटल्यावर मगरीचा खालचा चौथा दात बाहेर दिसतो, अ‍ॅलिगेटरचा दिसत नाही.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि पुढे १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले. म्हणूनच शाळेतला संगणक कक्ष ग्रंथालयाला लागून असावा, एकच प्रश्न मुलांनी पुस्तकात आणि पडद्यावर दोन्हीकडे शोधावा, असा माझा आग्रह आहे. टंकलेखन मात्र तिसरीपासून जरूर शिकवावे, तेही इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींसाठीच्या प्रमाण कळफलक-पद्धतीने. कारण तिच्यात मराठी ‘क’ आणि गुजराती ‘क’ एकाच कळीवर येतात.