आंतोनियो पाचेको: मॅनेजर म्हणून त्याला न्याय मिळाला का?

डायमंड_जळगाव:
नमस्कार मंडळी. मी शाळेतल्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवते, त्यामुळे बेसबॉलही आवडीने बघते. सध्या २००८च्या बीजिंग ऑलिंपिकची फायनल पुन्हा पाहिली. दक्षिण कोरिया ३, क्यूबा २. शेवटची इनिंग, बेसेस लोडेड (तिन्ही बेसवर धावणारे), एकच आऊट, आणि गुरियेलच्या ग्राउंडरवर (जमिनीलगतच्या फटक्यावर) डबल प्ले, म्हणजे एकाच बॉलवर दोन आऊट, होऊन खेळ खलास. क्यूबाचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, होता आंतोनियो पाचेको. त्याच्याबद्दल जिथे वाचावं तिथे दोनच गोष्टी सापडतात: खेळाडू म्हणून थोर, आणि मॅनेजर म्हणून बीजिंगचं सोनं घालवलं. हे इतकं सरळ आहे का? आणि हे लोक 'हौशी' खेळाडू म्हणजे नेमके कसे? वीस-बावीस वर्षं खेळतात, मग पोटापाण्याचं काय? कुणी मनापासून हा खेळ बघणारं असेल तर सविस्तर लिहा.

सदू_टोरांटो:
ताई, विषय काढलात त्याबद्दल आभार. पाचेकोवर लिहायची माझी फार दिवसांची इच्छा आहे. इथे माझ्या शिफ्टमध्ये सांतियागो दे कूबाचा एक माणूस होता, क्यूबन बेसबॉलची गोडी मला त्याने लावली. त्याच्या तोंडी पाचेको हे नाव कधी आलं नाही, कायम 'कापितान'.

आधी हौशीपणाचं. क्रांतीनंतर, १९६१ साली, क्यूबाने व्यावसायिक खेळ बंद केला आणि १९६२पासून राष्ट्रीय मालिका ही देशातली मुख्य स्पर्धा सुरू झाली. खेळाडूला पगार मिळायचा तो सरकारी नोकर म्हणून. लिलाव नाही, करार नाही, या संघातून त्या संघात जाणं नाही. ज्या प्रांताचा तू, त्याच प्रांताकडून खेळायचं. आपल्याकडे रणजीत बाहेरून खेळाडू आणता येतो, तिथे तीही सोय नव्हती. पाचेकोचं मॅनेजरपण समजायला हे ध्यानात ठेवावं लागतं, कारण त्याच्या हाती जे खेळाडू आले ते त्याच मातीतले, त्याला लहानपणापासून बघत आलेले.

जन्म १९६४चा, सांतियागोजवळच्या पाल्मा सोरियानोचा. जागा सेकंड बेसची. बावीस हंगामांत २,३५६ हिट्स (बेस गाठून देणारे फटके), सरासरी .३३४. तो थांबला तेव्हा राष्ट्रीय मालिकेत इतक्या हिट्स दुसऱ्या कुणाच्या नव्हत्या, पुढे एन्रिके दियासने तो विक्रम मोडला. बार्सिलोना १९९२ आणि अटलांटा १९९६ला सुवर्ण, सिडनी २०००ला रौप्य. त्या क्यूबन संघात थर्ड बेसला ओमार लिनारेस आणि मधल्या फळीत ओरेस्तेस किंदेलान, ज्याच्या नावावर मालिकेत ४८७ होमरन आहेत. अशा माणसांच्या संघाचं कप्तानपद वर्षानुवर्षं पाचेकोकडे होतं. लिनारेसचा हात जास्त देखणा, किंदेलानचा फटका जास्त लांब, पण अडल्या वेळी सगळे बघायचे ते पाचेकोकडे.

सांतियागोचं गियेर्मोन मोंकादा स्टेडियम म्हणजे काय चीज आहे ते मित्राकडून ऐकावं. स्टँडमध्ये कोंगा (कार्निवलचं नाचगाणं) सुरू, ढोल, लोखंडी पट्ट्या आणि त्यावर चिनी सनई. हो, चिनी! क्यूबात आलेल्या चिनी मजुरांबरोबर ते वाद्य आलं आणि सांतियागोच्या कार्निवलचं होऊन गेलं. हवानाचा इंदुस्त्रियालेस संघ समोर असला की ती सनई नऊ इनिंग थांबत नसे, असं तो सांगायचा. पाचेको खेळाडू म्हणून इथे १९८९ला जिंकला, मग १९९९, २००० आणि २००१ अशी सलग तीन वर्षं. त्या संघाला लोक 'आप्लानादोरा' म्हणत, रस्त्यावरचा रोडरोलर.

त्यानंतर जो टप्पा येतो त्याकडे फारसं कुणी बघत नाही, आणि मला तोच सर्वात महत्त्वाचा वाटतो. सरकारच्या परवानगीने पाचेको आणि किंदेलान जपानात गेले, शिदाक्स या कंपनीच्या संघात. तोही व्यावसायिक लीगमधला संघ नव्हे, कंपन्यांच्या स्पर्धेतला. तिथे मॅनेजर होते कात्सुया नोमुरा. जपानच्या बेसबॉलमध्ये आकडे मांडून, समोरच्या पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) सवयी टिपून खेळायची शिस्त ज्यांनी रुजवली त्यांत नोमुरांचं नाव पहिलं. चाळिशीला टेकलेला, सगळं जिंकून बसलेला पाचेको त्यांच्या हाताखाली खेळला. परत आला, सांतियागोचा मॅनेजर झाला आणि २००५, २००७, २००८ अशी तीन विजेतेपदं घेतली. नुसत्या जुन्या नावावर एखादं विजेतेपद मिळून जाईल. तीन मिळत नाहीत.

मधल्या वर्षी, २००६च्या फायनलला, इंदुस्त्रियालेसकडून हरला. समोरचा मॅनेजर रे विसेंते आंग्लादा, तोही एकेकाळचा सेकंड बेसमन. पुढच्या वर्षी पुन्हा तेच दोन संघ आणि तेच दोन मॅनेजर, यावेळी पाचेको जिंकला. आणि २००८च्या हंगामात त्याच्याच संघातला अलेक्सेई बेल ३१ होमरन आणि १११ आरबीआय (आपल्या फटक्यांवर घरी आणलेल्या धावा) करून गेला, दोन्ही तेव्हाचे विक्रम. बेल सांतियागोचाच पोरगा. मॅनेजरने काय केलं असं कुणी विचारलं तर मी बेलकडे बोट दाखवेन.

आता बीजिंग. ती नववी इनिंग नीट लावून बघा. ओलिवेराची सिंगल. मग एनरिकेसचा सॅक्रिफाइस बंट (स्वतः आऊट होऊन धावणाऱ्याला पुढे नेणारा हलका टोला), धावणारा दुसऱ्या बेसवर. मग सेपेदा आणि बेल, दोघांना वॉक (चार चुकीच्या बॉलमुळे फुकट पहिला बेस). बेसेस लोडेड. कोरियाचा कॅचर कांग मिन-हो पंचांशी वाद घालून बाहेर. आठाहून थोड्या जास्त इनिंग एकट्याने ओढलेला पिचर र्यू ह्युन-जिन उतरला, त्याच्या जागी चोंग ते-ह्यून आला. गुरियेलचा ग्राउंडर शॉर्टला (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या खेळाडूकडे), तिथून सेकंडला, तिथून फर्स्टला. यात पाचेकोची चूक दाखवायचीच असेल तर ती गुरियेलच्या वेळची नाही. एनरिकेसला बंट करायला लावलं ती. याच एनरिकेसने याच र्यूला पहिल्या इनिंगमध्ये होमरन मारला होता. कोरियाकडे फक्त तीन आऊट काढायचे बाकी असताना एक आऊट आपल्या हाताने देऊन टाकला. मी दिला नसता. पण एका बंटवरून तीन विजेतेपदं आणि बावीस हंगाम पुसणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

शॉर्टस्टॉप_अमरावती:
सदूभाऊ, लेख झाला हा! पण शेवटच्या मुद्द्यावर तुमच्याशी सहमत नाही. बंट बरोबरच होता. एका धावेने मागे, शेवटची बॅटिंग आपली, तर आधी बरोबरी साधायची, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलंय. चूक गुरियेलचीच वेळ. चोंग ते-ह्यून खालून टाकणारा पिचर. हात गुडघ्याशी जातो, बॉल खाली बुडतो, आणि उजव्या बॅटरचा त्यावर ग्राउंडर निघतो. कोरियाने त्याला आणला तोच डबल प्लेसाठी. समोर उजवा गुरियेल ठेवायचा कशाला? डावखुरा पिंच हिटर (बदली बॅटर) पाठवायचा, नाहीतर सरळ स्क्वीझ, म्हणजे बंट करायचा आणि तिसऱ्या बेसवरच्याने घरी धावायचं. तिसऱ्या बेसवरचा माणूस घरी आला की बरोबरी.

सदू_टोरांटो:
भाऊ, स्क्वीझचं तेवढं मनावर घेऊ नका. बेसेस लोडेड असताना घरच्या प्लेटवर फोर्स असतो. कॅचरला धावणाऱ्याला टॅग करावं लागत नाही, बॉल हातात घेऊन प्लेटवर पाय टेकला की आऊट. तिथून फर्स्टला फेकला तर तोच डबल प्ले, फक्त वेगळ्या वाटेने. धावणारे फक्त पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर असते तर तुमचं म्हणणं मान्य केलं असतं.

डावखुऱ्याचा मुद्दा मात्र वजनदार आहे. पुस्तकी उत्तर तेच. पण ज्याला बसवा म्हणता तो कोण? चोवीस वर्षांचा युलिएस्की गुरियेल. हाच माणूस पुढे अमेरिकेत ह्यूस्टन ॲस्ट्रोज संघाकडून खेळला आणि २०२१ साली, सदतिसाव्या वर्षी, अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक सरासरीचा बॅटर ठरला, .३१९. दोन वर्ल्ड सिरीज (तिथली अजिंक्यपदाची फायनल) जिंकला. ऑलिंपिक फायनलमध्ये शेवटच्या क्षणी असा बॅटर बसवून दुसऱ्याला पाठवला असता आणि त्याने ग्राउंडर मारला असता, तर आज आपण पाचेकोला त्याबद्दल बोलत बसलो असतो. शिवाय कोरियाचं श्रेय कुठे गेलं? तो संघ स्पर्धेतले नऊच्या नऊ सामने जिंकला, गटातही क्यूबाला ७-४ हरवलं होतं. आणि हाच क्यूबा उपांत्य फेरीत अमेरिकेला १०-२ हाणून आला होता. तेव्हाही डगआऊटमध्ये (संघाच्या बाकावर) पाचेकोच होता.

वैशाली_प:
मी विद्यापीठाकडून सॉफ्टबॉल खेळले, सेकंड बेसलाच. तो शेवटचा डबल प्ले मी कोरियाचा सेकंड बेसमन को यंग-मिन याच्यासाठी पाहते. शॉर्टवरून बॉल येतो तेव्हा सेकंड बेसमनची नजर बॉलवर असते आणि फर्स्टवरून सुटलेली धावणारी तिला जवळजवळ पाठीमागून येते. बेसला पाय लावायचा, अंग वळवायचं आणि ती पायावर आदळायच्या आत फेकायचं. डाव्या पायाचा अंदाज चुकला की संपलं. पाचेकोने हेच काम बावीस हंगाम केलं, त्यामुळे डगआऊटमधून तो बॉल शॉर्टकडे जाताना पाहिल्याबरोबर त्याला निकाल कळला असणार. फर्स्टवरून येणाऱ्या बेलने काही कमी केलं असं मला दिसत नाही. कोचं वळणंच तेवढं चपळ होतं.

एक विचारते, पाचेको आता कुठे आहे? क्यूबातच?

सदू_टोरांटो:
नाही. काही वर्षांनी त्याने देश सोडला आणि अमेरिकेत न्यूयॉर्क यांकीजच्या कनिष्ठ संघांमध्ये प्रशिक्षक म्हणून काम केलं. ज्याने क्यूबात असेपर्यंत आपल्या प्रांताचा संघ बदलला नाही, तो कोवळ्या व्यावसायिक पोरांना शिकवायला लागला. मित्राला याचं वाईट वाटायचं आणि अभिमानही. मला वाटतं, त्याच्या ज्ञानाचा उपयोग सांतियागोला अजून दहा वर्षं व्हायला हवा होता. बीजिंगनंतर ऑलिंपिकमधून बेसबॉलच काढून टाकला आणि तो परत आला थेट टोकियोला, तिथे क्यूबा पात्रसुद्धा ठरला नाही. घरचा जाणता माणूस हातचा जाऊ दिला की हे होतं, आणि पाचेको एकटा नव्हता.

डायमंड_जळगाव:
सगळ्यांचे मनापासून आभार. सदूकाका, मी पुन्हा बघितलं. एनरिकेसच्या बंटबद्दल माझं मत तुमच्याकडे झुकतंय, शॉर्टस्टॉपदादा रागावू नका. उद्या मुलींना हीच परिस्थिती लावून देणार आहे: शेवटची इनिंग, एका धावेने मागे, पहिल्या बेसवर धावणारी, एकही आऊट नाही. आधी बंट करून आणि मग बंट न करता. वैशालीताई, फर्स्टवरून सुटणाऱ्या मुलीने सेकंडच्या मुलीची घाई कशी करायची? आमच्या मुली फार लवकर घसरतात.

वैशाली_प:
उशिरा घसरायला शिकव. बेसच्या दिशेनेच घसरायचं, अंगावर नाही, त्यात दोघींना इजा होते. आणि बॉल जमिनीवर पडला हे बॅटवरूनच ओळखून सुटायचं. तिथे एक पाऊल मिळालं तरी सेकंडच्या मुलीचा थ्रो घाईत जातो.