ग्रामसभेत वर्षाचा अहवाल मांडायचाय, काय लिहू?

माळावरची_सदस्य
नमस्कार मंडळी. सोलापूरकडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका ग्रामपंचायतीची मी सदस्य, पहिलीच टर्म. 1 मेच्या ग्रामसभेसाठी वर्षाचा अहवाल तयार करायचं काम सरपंचताईंनी माझ्या गळ्यात घातलंय. ("तू बीए झालीयस, तूच लिही.") जुने अहवाल काढून बघितले. सगळे सारखेच, नुसतं वर्ष बदललेलं.

यंदा झालेलं सांगते: मारुतीच्या देवळापर्यंत पेव्हर ब्लॉक, अंगणवाडीला फरशी, जलजीवनची टाकी उभी राहिली, घराघरात नळ बसले. आता न झालेलं. वरच्या वाडीत नळ आहे, पाणी नाही. करंगळीएवढी धार येते, तीही खालच्या आळीनं कॉक बंद केल्यावर. करवसुलीचं तर विचारूच नका. जुनी थकबाकी धरून मागणी 6 लाख 40 हजार, वसूल 2 लाख 90 हजार. रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल थकलंय ते वेगळंच.

उपसरपंच म्हणतात, वसुली नि वाडीचं पाणी अहवालात नको, उगाच गोंधळ होतो. काय करू?

पुण्याचा_गावकरी
चांगले फोटो टाका, आधी-नंतरचे. मोठ्या पडद्यावर दाखवा. लोक खूश.

दप्तरवाले_अण्णा
फोटो कॅलेंडरला शोभतात.

ताई, उभी नोकरी ग्रामपंचायतीचं दप्तर सांभाळण्यात गेली, म्हणून जरा लांबण लावतो. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 8 वाचा. आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत पहिली ग्रामसभा घ्यायची, आणि तिच्यापुढं चार गोष्टी ठेवायच्या: वार्षिक हिशेब, गेल्या वर्षीच्या कारभाराचा अहवाल, चालू वर्षाची कामं आणि शेवटची लेखापरीक्षण टिपणी, तिच्या उत्तरांसकट. ही चौथी गोष्ट बहुतेक गावांत कपाटातून बाहेरच येत नाही. तुम्ही आधी तीच मागा. मागच्या वर्षी काय नडलं ते तिच्यात सापडतं.

पैशाचं लिहाल तेव्हा बंधित (ठरलेल्या कामालाच लावायचा) आणि अबंधित वेगळं दाखवा. 15 व्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या निधीत 60 टक्के बंधित होता, निम्मा पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. तो रस्त्याला लावता येत नाही. लोकांना हे कुणी सांगत नाही. मग "खात्यात पैसे पडून आहेत तर रस्ता का नाही" म्हणून आरडाओरडा होतो, आणि पाच जणांना वाटतं सरपंचानं खाल्ले.

आता वाडीचं पाणी. "पाणीपुरवठा अपुरा" असं मोघम लिहू नका. सकाळी बादली घेऊन स्वतः जा. दहा लिटरची बादली खालच्या आळीत किती मिनिटांत भरते, वाडीतल्या शेवटच्या नळाला किती लागतात, ते लिहा. जलजीवनमध्ये माणशी रोज 55 लिटर धरलंय, वाडीच्या माणसांनी गुणा आणि आकडा समोर ठेवा. आणि मुख्य म्हणजे, योजना ताब्यात घेतल्याची सही झालीय का बघा. नसेल तर शेवटच्या नळाला पाणी आल्याशिवाय ती होऊ देऊ नका. एकदा हस्तांतरण झालं की व्हॉल्व्ह, मोटर, वीजबिल सगळं तुमचं, आणि ठेकेदार फोन उचलत नाही.

वसुली तर लिहाच. पेव्हर ब्लॉक वरून आलेल्या पैशाचे, दिव्याचं बिल तुमच्या पैशाचं. गाव स्वतःच्या पायावर उभं आहे का ते घरपट्टी-पाणीपट्टीतच दिसतं.

कोकणातली_ताई
अण्णा बरोबर बोलतायत. एक भर घालते. महिला ग्रामसभा आधी घ्यायची असते, ती कागदावर उरकू नका. आमच्याकडे पाण्याचं खरं काय ते तिथंच कळलं. मोठ्या सभेत ज्या बायका मागं बसून पदर सावरतात, त्याच तिथं पंपवाल्याच्या वेळा मिनिटानिशी सांगत होत्या. त्यांचे ठराव अहवालाला जोडा.

आणि गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, बघा. 15 टक्के मतदार किंवा 100, यांतला कमी आकडा. आमची सभा दर वेळी तहकूब, मग तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून दहा जणांत सगळं मंजूर! वाडीवर आदल्या संध्याकाळी दवंडी द्या, नुसता व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकून भागत नाही.

माळावरची_सदस्य
आभार सगळ्यांचे. बादली घेऊन जाऊन आले. खाली दीड मिनिट, वाडीत अकरा. हस्तांतरणाची सही अजून झालेली नाही, सरपंचताईंनी फाइल स्वतःकडे घेऊन ठेवलीय.

आता नवीन भानगड. नमुना 9 ची, म्हणजे करमागणीची नोंदवही चाळताना दिसलं, दोन सदस्यांच्याच घरपट्ट्या थकल्यात. त्यातले एक तेच, ज्यांना अहवालात वसुली नको होती. सभेत नावं वाचायची का?

दप्तरवाले_अण्णा
नावं वाचू नका, भांडण लागेल आणि पाण्याचा विषय राहून जाईल. कराच्या मागणीचं बिल रीतसर बजावा, पोच घ्या. बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत न भरणाऱ्या सदस्याला कलम 14 खाली अपात्रतेला तोंड द्यावं लागतं, हे त्यांना तुमच्याआधी माहीत असतं. बहुतेक आठवड्यात कर भरल्याची नमुना 10 ची पावती फाटेल. तुमची स्वतःची भरलीय ना?

माळावरची_सदस्य
सासऱ्यांच्या नावावर आहे. विचारते.