मदत हवी आहे: तांब्याचं कॉम्प्लेक्स एका द्रावकात चमकतं, दुसऱ्यात नाही

नमस्कार मंडळी. नाशिकला एमएस्सी करतेय, प्रोजेक्ट +१ तांब्याच्या (एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या) फेनँथ्रोलिन कॉम्प्लेक्सवर, म्हणजे तांब्याला फेनँथ्रोलिनचे सेंद्रिय रेणू (लिगँड) जोडलेले.

प्रकाश शोषला की इलेक्ट्रॉन तांब्याकडून लिगँडकडे जातो, तांबं +२ सारखं वागतं आणि चतुष्फलकी रेणू चपटा व्हायला लागतो. मग ऊर्जा उजेडाऐवजी उष्णतेत जाते. फेनँथ्रोलिनच्या २ आणि ९ या जागांवर मिथाइल गट बसवले की ते चपटं होणं अडवतात. किती सुंदर आहे हे!

पण माझं मिथाइलवालं कॉम्प्लेक्स डायक्लोरोमीथेनमध्ये मंद चमकतं, अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये जवळपास नाहीच. दोन्हींत नायट्रोजनचे बुडबुडे सोडून ऑक्सिजन काढलाय. द्रावक तांब्याला चिकटतो म्हणून, की मिथाइल गट लहान पडतो? कसं ओळखायचं? आधी मोठ्या गटाचा लिगँड घेऊ, की द्रावण गोठवून मोजू? आणि लाइफटाइम (चमक किती वेळ टिकते ते) मोजायची सोय नाशिक-पुण्यात कुठे आहे?